वसईच्या चर्चच्या मराठी शाळा कोणाच्या?

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. निवड जाहीर झाली तेव्हापासूनच काहींच्या पोटात दुखू लागले होते. एक पाद्री मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा त्यांचा सवाल. निषेध झाले, धमक्यांचे फोन गेले. दिब्रिटोंची बाजू घेणाऱ्यांनीही जोरात उत्तरे दिली: भाषेला धर्म नसतो, ज्ञानोबा-तुकोबांची परंपरा सर्वांची आहे. उत्तरे खोटी नव्हती, पण त्यांत एक साधी गोष्ट राहून गेली. दिब्रिटो मराठी लेखक झाले ते कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. ते नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कुलात शिकले होते. गाव कॅथॉलिक, शाळा चर्चची, आणि फळ्यावर मराठी.

ही शाळा अपवाद नव्हती. विरारपासून वसईपर्यंतच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, पापडी, सांडोर, रमेदी अशी एकामागून एक चर्चे लागतात आणि चर्चच्या सावलीत कुठे ना कुठे शाळा उभी असते. या शाळांनी विसाव्या शतकात जे काम केले ते मराठीच्या इतिहासात पुरेसे नोंदलेले नाही. आणि आता हेच काम आवरते घेण्याचा निर्णय घेतला जातो आहे. तो कोणी जाहीर करत नाही. मराठी तुकडी लहान होत जाते, शेजारी इंग्रजी माध्यमाची नवी इमारत मजला-मजला वर चढते, आणि एके दिवशी पहिलीचा वर्ग भरतच नाही. माझे म्हणणे असे की हा निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या प्रमुख धर्मगुरूंना नाही, धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयालाही नाही. कारण त्या शाळा त्यांच्या एकट्याच्या नाहीत.

यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत इथे चर्चे उभी राहिली. सांडोरचे १५६६ चे, नंदाखालचे पवित्र आत्मा चर्च १५७३ चे. हा काळ गोडगोड करून सांगायचे कारण नाही. धर्मांतराच्या मागे राजसत्ता होती, देवळे पाडली गेली, बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्च झाले आणि त्याला लागून मिशनऱ्यांनी विद्यालय काढले. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या पॅरिशच्या, शाळेची पहिली आवृत्ती ती. तिथे प्रार्थना पाठ करून घेत, अक्षर ओळखायला शिकवत, उपासनेत गाण्यापुरते सूर-ताल शिकवत. मुलाला शहाणे करणे हा त्या शाळेचा हेतू नव्हता; चांगला ख्रिस्ती आणि आज्ञाधारक प्रजाजन करणे हा होता. वसईच्या कॅथॉलिक माणसाने हे मान्य करायला कचरू नये आणि इतरांनी ते आजच्या वसईकराच्या तोंडावर फेकू नये. चारशे वर्षांपूर्वीच्या पणजोबांचा हिशेब पणतूकडून कोणी वसूल करत नाही.

त्या काळातही भाषेबाबत चर्चचे मन दुभंगलेले होते. गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघी धर्मगुरूने, ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि मराठीचे कौतुक असे की अजून पाठ्यपुस्तकांत येते. त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. लोकांपर्यंत पोचायचे म्हणजे लोकांची भाषा हवी, हे एकाला कळत होते. लोकांना ताब्यात ठेवायचे म्हणजे आपली भाषा हवी, हे दुसऱ्याला. हा झगडा तेव्हापासूनचा आहे. आज फक्त पोर्तुगीजच्या जागी इंग्रजी आहे, आणि फर्मानाच्या जागी पालकांची रांग.

वसईत तो झगडा चिमाजी अप्पांनी सोडवला असे म्हटले तर चमत्कारिक वाटेल, पण झाले तसेच. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज अंमलदार गेले, युरोपीय मिशनरी गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा मिळाली आणि गोव्याहून आलेले देशी पाद्री उरलीसुरली चर्चे सांभाळू लागले. राज्यकर्त्यांबरोबर त्यांची भाषाही गेली. डिमेलो, लोपीस, मच्याडो, तुस्कानो ही आडनावे तेवढी राहिली. घरात कादोडी, वाडवळी, कोळी बोली, आणि बाजारात-कचेरीत मराठी. सामवेदी किंवा कादोडी बोली तर हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही बोलतात. केळीच्या बागेत, पानवेलीच्या मांडवात धर्म वेगळा असला तरी शिव्या एकच.

आता एक तुलना करतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

वसईच्या खाडीच्या अलीकडे साष्टी बेट: वांद्रे, कुर्ला, अंधेरी, मरोळ, गोराई. तिथलेही कॅथॉलिक मूळचे याच मातीतले. तेच आगरी, कोळी, भंडारी, कुणबी; तोच पोर्तुगीज इतिहास; घरातली बोलीही मराठीचीच बहीण. पण ब्रिटिशांच्या काळात तिथे इंग्रजी शाळा आल्या. जेझुइटांनी वांद्र्यात सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ मध्ये सुरू केली, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये. कस्टम, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, नगरपालिका इथे इंग्रजी जाणणारा कारकून हवा होता आणि कॅथॉलिक तरुण तो झाला. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्यात हुशारी होती. गोव्याहून पोटासाठी येणाऱ्या माणसांपासून आपण निराळे, इथलेच, असे सरकारदरबारी ठसवायचे होते. नोकऱ्या मिळाल्या, घरे झाली. त्यात गैर काही नाही. पण बोली उरली ती लग्नाच्या गाण्यांत, उंबराच्या पाण्याच्या विधीत, आजीच्या तोंडी. लिहायची-वाचायची भाषा मराठी राहिली नाही. वांद्र्याने चांगले डॉक्टर दिले, हॉकीपटू दिले, इंग्रजीत लिहिणारे दिले. मराठीत लिहिणारे किती दिले ते शोधावे लागते.

खाडीपलीकडच्या वसईने मात्र दिब्रिटो दिले, सिसिलिया कार्व्हालोंसारखी कवयित्री दिली, ‘सुवार्ता’ या मराठी ख्रिस्ती मासिकाभोवती जमलेली लिहित्या माणसांची पिढी दिली. बायबलचा मराठी अनुवाद करून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा माणूस दिला, तोही दिब्रिटोच. एकच धर्म, एकच इतिहास, जवळजवळ एकच बोली; मधे एक खाडी. फरक शाळेच्या माध्यमाने पाडला.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो. वसई मराठी राहिली ती कोणा द्रष्ट्या पाद्र्याच्या योजनेने नव्हे. मागे राहिल्यामुळे राहिली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला आगगाडी जाऊ लागली तरी वसईचा माणूस गाडीत बसायचा तो टोपल्या घेऊन: केळी, भाजी, पाने, फुले, दूध. त्याला कारकुनीची इंग्रजी लागत नव्हती, भाव करायची मराठी लागत होती. गावात जी शाळा परवडली ती मराठी होती, पुढे सरकारी अनुदान मिळाले तेही मराठी शाळेला. हे सगळे खरे. पण योगायोगाने मिळालेली गोष्ट टिकवायची की नाही, हा प्रश्न योगायोगाचा राहत नाही. तिथे माणसांना ठरवावे लागते, आणि विसाव्या शतकात वसईच्या चर्चने ते ठरवले होते.

हे कसे, ते पाहा. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवणे हा तिचा हेतू. चर्च इथे केवळ आत्म्याची काळजी घेत नव्हते. धर्मगुरू पतपेढीचा हिशेब बघत होते, शाळेला जागा शोधत होते. १९२८ मध्ये दमणचा जुना धर्मप्रांत मोडीत निघून वसई मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत आली. मुंबईची इंग्रजी छाप इथल्या शाळांवर तेव्हाच पडू शकली असती. फारशी पडली नाही. स्वातंत्र्यानंतर धर्मग्रामांची हायस्कुले वाढली ती मराठी माध्यमाची म्हणून. मग १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या सभेने, उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला, लॅटिनची सक्ती ढिली झाली आणि वेदीवर मराठी आली. जी मुले शाळेत मराठी कविता पाठ करत होती तीच रविवारी मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ऐकू लागली, मराठी गायने गाऊ लागली. शाळा आणि वेदी एका भाषेत बोलू लागल्या. साहित्य निपजायला याहून जास्त काय लागते?

शाळेने आणखी एक केले. अनेक घरांतली पहिली पगाराची नोकरी शिक्षकाची होती. बागायतदाराचा मुलगा डी.एड. होऊन मास्तर झाला, मुलगी बाई झाली, धर्मभगिनींनी मुलींना दहावीपर्यंत टिकवले. आणि वर्गात फक्त ख्रिस्ती मुले नव्हती. वाडवळ, आगरी, भंडारी, कोळी, पूर्व पट्टीतले आदिवासी, नंतर वसई-विरारमध्ये घर घेतलेले कोकणातले, खानदेशातले, मराठवाड्यातले. निर्मळच्या शंकराचार्यांच्या यात्रेला जाणारी मुले सोमवारी फादरांच्या शाळेत बसत. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. जमीन कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी दिलेली. बांधकामाला गावाचे अंगमेहनतीचे श्रमदान. मग ती शाळा कोणाची?

कागदावर ती न्यासाची. न्यास धर्मप्रांताच्या अखत्यारीत. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हापासून निर्णयाची जागा मुंबईहून वसईला आली. ही चांगलीच गोष्ट होती. थॉमस डाबरे हे पहिले बिशप भुईगावचे, म्हणजे याच मातीतले. अशा धर्मप्रांताकडून मराठी शाळेबाबत जास्त अपेक्षा ठेवली तर ते अन्याय्य नाही.

आता मराठी शाळा नेमकी कशी मरते ते सांगायला हवे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते पालक मुले पाठवत नाहीत, म्हणून मरते. ते खरे आहे, पण तो साखळीतला एक दुवा. अनुदानित शाळेत किती शिक्षक असावेत हे विद्यार्थिसंख्येवर ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. पट दहाने घसरला की एखादे पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसरीकडे होते. २०१२ च्या मे महिन्यात राज्य सरकारने शिक्षकभरतीच थांबवली, तेव्हापासून निवृत्त झालेल्याची खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहण्याची सवय सगळ्यांनाच लागली. मग एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो. इंग्रजी शिकवायला कोणी पक्के उरत नाही. संगणक बंद, प्रयोगशाळेला कुलूप. हे पालक पाहतो आणि पुढच्या वर्षी मूल काढून घेतो. पट पुन्हा घसरतो. सरकारच्या हातात अर्धी दोरी आहे यात शंका नाही; विनाअनुदानित इंग्रजी शाळांना परवानग्यांचा पाऊस पाडणारे आणि अनुदानित मराठी शाळांच्या तुकड्या मोजत बसणारे हेच सरकार. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीसक्तीविरोधात एवढे रान पेटले की जून संपता संपता शासन निर्णय मागे घ्यावे लागले. या सगळ्याने मराठी तुकडीचे रिकामे पद आपोआप भरले जात नाही.

पण दोरीचे दुसरे टोक संस्थेच्या हातात असते. मराठी विभागाला कोणती इमारत, कोणते मैदान, कोणता मुख्याध्यापक द्यायचा हे संस्था ठरवते. इंग्रजी विभागाचे शुल्क जमा होते त्यातले किती मराठीकडे वळवायचे हेही संस्थाच ठरवते. चर्चच्या आवारात प्रवेशाचा फलक इंग्रजी विभागाचा मोठा आणि मराठीचा लहान लागतो. तो कोणी सरकारने रंगवलेला नसतो. मी अनेक भल्या धर्मगुरूंशी बोललो आहे. त्यांचा सूर एकच असतो: आम्ही काय करणार, लोकांनाच नको आहे. लोकांना नको म्हणून जर चर्चने गोष्टी सोडल्या असत्या तर उपवासाचा काळ केव्हाच बंद पडला असता.

पालकांना मी दोष देत नाही, हे स्पष्ट करतो. वसईच्या तरुणाला आता केळीच्या बागेत भवितव्य दिसत नाही. बागेतून रस्ते गेले, विहिरींचे पाणी खारे झाले, बिल्डर दारात उभा आहे. १९८० च्या दशकाअखेरीस हरित वसईच्या आंदोलनात ज्यांनी जिवाची बाजी लावली त्यांचीच नातवंडे आज जहाजांवर, आखातात, कॅनडात आहेत. त्यांना इंग्रजी लागते, चांगली लागते. मराठीतून शिकलेल्या बापाला पहिल्या मुलाखतीत जो घाम फुटला होता तो मुलाला फुटू नये असे त्याला वाटते, आणि त्याला प्रेमाशिवाय दुसरे नाव नाही. ‘मातृभाषेतून शिका’ असे भाषण करणाऱ्यांची मुले कुठे शिकतात हे त्याने पाहिलेले असते. म्हणून मराठी शाळा वाचवायची तर भाषणांनी वाचणार नाही. तिथे इंग्रजी चांगली शिकवली तर वाचेल.

आणि ते शक्य आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, अशी सेमी इंग्रजीची वाट राज्यात कित्येक शाळांनी यशस्वीपणे चोखाळली आहे. वसईतल्या धर्मग्रामांना तर ती इतरांपेक्षा सोपी. त्यांच्याच आवारात इंग्रजी शिकवणारे शिक्षक आहेत, इंग्रजी बोलणाऱ्या धर्मभगिनी आहेत, परदेशात शिकून आलेले धर्मगुरू आहेत. सकाळी इंग्रजी विभागात शिकवणारी बाई दुपारी दोन तास मराठी विभागात का जाऊ शकत नाही? दोन्ही विभागांचे ग्रंथालय एक का नाही? नाटक, खेळ, विज्ञान प्रदर्शन एकत्र का नाही? उत्तर असते की विनाअनुदानित आणि अनुदानित यांचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात, तपासणीत अडचण येते. अडचण येते हे खरे. पण चर्चच्या जागेत पार्किंग आणि सभागृह कसे काढायचे याच्या अडचणी मात्र दर वेळी सुटतात.

दुसरे एक बोलले जाते, थोड्या हळू आवाजात: मराठी विभागात आता आपली मुले राहिलीच नाहीत, बाहेरच्यांची आहेत, त्यांच्यासाठी धर्मग्रामाने खर्च का करावा? मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे खरे दुखणे उघडे पडते. आज मराठी तुकडीत जी मुले आहेत ती रिक्षावाल्याची आहेत, धुणीभांडी करणाऱ्या बाईची आहेत, पूर्वेच्या पाड्यावरची आहेत. त्यांचे आईबाप पॅरिश कौन्सिलमध्ये नाहीत, धर्मग्रामाच्या सभेत त्यांना आवाज नाही. मिशनरी शाळा म्हणून जिचे कौतुक झाले ती शाळा नेमक्या अशाच मुलांसाठी होती. मध्यमवर्गी झालेल्या धर्मग्रामाला आपली मुले इंग्रजीत पाठवायची असतील तर खुशाल पाठवावीत. पण गरिबांची शाळा ‘आपली नाही’ म्हणून सोडायची असेल तर वेदीवरून गरिबांबद्दल जे वाचले जाते त्याचे काय करायचे, हेही एकदा ठरवून टाकावे.

आता कायद्याकडे. अल्पसंख्याक संस्था म्हणून या शाळांना घटनेच्या ३० व्या कलमाचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. या देशात बहुसंख्याकांच्या लहरीवर अल्पसंख्याकांच्या शाळा सोडता येणार नाहीत. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी हा हक्क भक्कम केला. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या. २५ टक्के राखीव जागांचा नियमही त्यांना लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. तो निकाल काय लागायचा तो लागो. माझा मुद्दा वेगळा आहे. केरळ शिक्षण विधेयकाच्या १९५८ च्या प्रकरणातच न्यायालयाने सांगून ठेवले होते की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. आणि ३० व्या कलमाच्या आधी २९ वे आहे. ते भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याबद्दल बोलते. वसईच्या कॅथॉलिक समाजाची जपण्यासारखी भाषा कोणती? इंग्रजी जपायला जगात भरपूर लोक आहेत.

३० व्या कलमाची ढाल सरकारकडून येणाऱ्या दडपणाविरुद्ध धरायची असते. ती पालकांच्या आणि गावाच्या प्रश्नांसमोर धरली जाते तेव्हा चुकते. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अल्पसंख्याक शाळांतल्या व्यवस्थापन समित्या केवळ सल्लागार झाल्या. त्यामुळे कायद्याने मागता येईल असे पालकांच्या हातात फारसे काही नाही. तेव्हा मागायचे ते कायद्याने नव्हे, नात्याने मागायचे. बसीन कॅथॉलिक बँकेच्या सामान्य सभासदाला वार्षिक सभा असते, ताळेबंद छापून मिळतो, संचालकांना उभे राहून जाब विचारता येतो. बँक वसईच्या ख्रिस्ती माणसाने उभारली तशी शाळाही उभारली. पैशाचा हिशेब सभासदापुढे मांडणाऱ्या समाजाला मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडायला अवघड का वाटावे?

मागणे फार नाही. मराठी विभाग बंद करायचा, कुठल्या इयत्तेची तुकडी गोठवायची किंवा इमारत दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर आधी धर्मग्रामाची आणि पालकांची, ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती सगळ्या पालकांची, एकत्र सभा व्हावी. त्या सभेपुढे गेल्या दहा वर्षांचा पट, रिक्त पदे, दोन्ही विभागांवरचा खर्च आणि जमिनीच्या देणगीचे कागद ठेवावेत. जमीन शाळेसाठी दिली होती की मराठी शाळेसाठी, की नुसती चर्चला, हे त्या कागदांवरून कळेल. कित्येक कुटुंबांना आपल्या आजोबांनी काय लिहून दिले हे ठाऊक नाही. इंग्रजी विभागाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा मराठी विभागाच्या इंग्रजी शिक्षकावर खर्च व्हावा, त्याचे प्रमाण सभेने ठरवावे. चार-पाच शेजारच्या धर्मग्रामांत प्रत्येकी तीस मुलांच्या मरतुकड्या तुकड्या असतील तर त्या एकत्र करून एक सशक्त शाळा करावी, बस द्यावी. सगळ्या शाळा टिकल्याच पाहिजेत असा हट्ट मी धरणार नाही. कादोडी आणि वाडवळी बोलीतली गाणी, गोष्टी पहिली-दुसरीच्या वर्गात यायला तर कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही.

काही जण म्हणतील, हा सगळा भावनेचा बाजार आहे. दोन पिढ्यांत वसईचे वांद्रे होणारच. होईलही. २००९ मध्ये महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. त्यात स्थानिक कॅथॉलिक आता मूठभर. पण मूठभर समाजाने मोठ्या भाषेत आपली जागा केली, अध्यक्षपदापर्यंत पोचला, हे याच शाळांच्या जोरावर. ती जागा सोडली तर वसईतला ख्रिस्ती माणूस मराठी समाजासाठी पुन्हा ‘ते लोक’ होईल. दिब्रिटोंच्या निवडीनंतर ज्यांनी धमक्यांचे फोन केले त्यांना नेमके तेच हवे होते. इंग्रजी शिकलेला वसईकर त्यांना खटकत नाही. मराठीत लिहिणारा खटकतो.

आणि चर्चपुढे आणखी एक अडचण आहे, जी अजून नीट बोलली जात नाही. मुलांसाठी इंग्रजी मिस्सा हवी अशी मागणी वाढते आहे, कारण त्यांना मराठी गायनांचे पुस्तक वाचता येत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिक्षिका मराठीत सांगते आणि मुले इंग्रजीत लिहून घेतात. घरी आजी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते तेव्हा नातू ओठ हलवतो, शब्द त्याच्या ओळखीचे नसतात. दिब्रिटोंनी आयुष्यभर बायबल मराठीत आणण्यासाठी जे केले, त्याचा वाचक त्यांच्याच गावात घटतो आहे. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू करणे सोपे आहे, पुतळाही उभारता येईल.

त्यांच्या शाळेसारख्या शाळांत पुढच्या जूनमध्ये पहिलीला किती मुले बसणार, याची उत्तरे मात्र जानेवारीतच ठरतात, प्रवेशाचे फलक लागतात तेव्हा. म्हणून सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच बोलवावी. नाताळच्या गडबडीत विषय मागे पडतो आणि नंतर बोलून उपयोग नसतो.